पहिल्या फळीचा मान

हवामान बदलाशी झुंजायला शिकवणारी एक संस्था आमच्या गावात आली, तेव्हा गावाने तिचं मनापासून स्वागत केलं. जेवण होतं ना. देवळाच्या मंडपात खुर्च्या मांडल्या गेल्या, पातळ भाजी आणि पाव आले, आणि पुण्याहून आलेल्या एका मॅडमनी पडद्यावर लालबुंद तापलेली पृथ्वी दाखवली. मी तेव्हा गावातल्याच शाळेत मास्तर होतो, म्हणून दुभाषा मीच. गोवा घटकराज्य होऊन बरीच वर्षं झाली होती. पण आमचा गाव अजून कोकणीत भांडायचा, मराठीत आरत्या म्हणायचा आणि इंग्रजीत काही आलं की माझ्याकडे पाठवायचा.

मॅडम तळमळीने बोलत होत्या. मीही तितक्याच तळमळीने भाषांतर करत होतो. शेवटी वरच्या वाड्याचे वयस्क गांवकार, म्हणजे वाड्याचे पुढारी, उठले आणि म्हणाले, "पावस बदल्ला तें आमकां खबर आसा, बाये. आतां आमी किदें करचें तें सांग."

प्रश्न रास्त होता. आमचा गाव डिचोली तालुक्यातला, सर्वणपासून फार लांब नाही. मधून एक व्हाळ वाहतो. व्हाळ म्हणजे ओढा. त्याच्या एका तीरावर वरचा वाडा, दुसऱ्यावर खालचा. भात निघालं की या व्हाळाचं पाणी अडवून लोक वायंगण करायचे, म्हणजे उन्हाळी भात, आणि त्याच्या कडेने मिरची, चवळीसारखे अळसांदे, वांगी. अडवायचं कसं, तर मातीच्या बांधाने. दिवाळी झाली की सगळा गाव टोपल्या घेऊन व्हाळात उतरायचा. दगड, झावळ्या आणि चिखल रचत प्रत्येक वाडा आपापल्या तीरावरून बांध पुढे आणायचा आणि मध्यावर दोन्ही बांध मिळायचे. पण अलीकडे पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळू लागला होता. घातलेला बांध एका रात्रीत वाहून जायचा, आणि शिमग्याच्या सुमाराला पाहावं तर व्हाळात गुडघाभर दगड आणि चार म्हशी.

यात सगळ्यात जास्त ओढाताण व्हायची ती माझ्या काकीची. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न करून पेडण्याला केरीला दिलेली. काकी मिरचीवर जगायची. तिचा कुणगा, म्हणजे शेताचा तुकडा, पाटाच्या अगदी शेवटी. पाणी सगळ्यांचं भागून उरलं तर तिला. मिरचीला फूल धरण्याच्या वेळी पाणी चुकलं की त्या वर्षी काकीचा बाजार चुकला, आणि काकीची जीभ मात्र कधी चुकायची नाही.

संस्थेने उपाय काढला तो चांगलाच होता, हे मी आजही म्हणतो. काँक्रीटचा बंधारा. दोन्ही बाजूंना पक्की भिंत, मध्ये पाणी जायला एकच गाळा, गाळ्याच्या दोन्ही अंगांना खाचा. पाऊस पूर्ण सरला की त्या खाचांत एकावर एक लाकडी फळ्या सोडायच्या, पाणी अडलं. पुढच्या पावसाआधी फळ्या काढायच्या, पूर निघून गेला. अवकाळी पाऊस आला तर दोन फळ्या उचलल्या की काम झालं. पोरांनासुद्धा समजेल असं यंत्र. बंधारा बांधायला सिंधुदुर्गातले मजूर आले आणि पावसाच्या आत काम उरकलं. एवढं वेळेवर झालेलं काम आमच्या गावाने पूर्वी पाहिलं नव्हतं, त्यामुळे थोडा संशयच आला.

त्या वर्षी पाऊस सरला आणि फळ्या घालायचा दिवस ठरला. सगळे बंधाऱ्यावर जमले. तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की पहिली फळी घालणार कोण?

बाहेरच्या माणसाला हा प्रश्नच वाटणार नाही. आमच्याकडे मात्र कशाचीही सुरुवात म्हणजे मान. पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीला पहिला घाव कोणाचा, यावरून आमच्या तालुक्यात देवळांना कुलपं लागलेली आहेत. बांध घालतानाही आधी गाऱ्हाणं घालायचं, देवाला गावाच्या वतीने साकडं घालायचं, मग पहिली टोपली. पण जुन्या बांधाला दोन तीर होते. दोन्ही वाडे आपापल्या तीरावर आपापलं गाऱ्हाणं घालायचे, आपापली पहिली टोपली टाकायचे. दोघेही पहिले. मध्ये बांध मिळायचा तोवर सगळे एवढे दमलेले असायचे की भांडायला श्वास उरायचा नाही. काँक्रीटच्या बंधाऱ्यात हीच एक सोय करायची राहून गेली होती.

कुणीतरी शहाणपणाने सुचवलं, फळीचं एक टोक एका वाड्याने धरावं, दुसरं दुसऱ्याने. झालं. फळी उचलली. पण फळीचं एक टोक खाचेत आधी शिरणार आणि दुसरं नंतर, हे दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी ओळखलं. फळी तशीच हवेत राहिली, मग काठावर आडवी ठेवली गेली.

पुढचं सगळं भांडण मी जवळून पाहिलं. जवळून म्हणजे आतूनच. मी खालच्या वाड्याचा. आमच्या पणजोबांच्या काळापासूनचे दाखले मी तोंडपाठ मांडले, आणि शिकलेला असल्यामुळे इतरांपेक्षा जास्त मुद्देसूद भांडलो. देवाला कौल लावला. मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या चिकटवून बसलो. उजवी पडली तर खालचा वाडा, डावी पडली तर वरचा. दुपार कलली तरी एकही पाकळी पडली नाही. देवालाही दोन्ही वाड्यांत राहायचं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ शाबूत होता.

तोवर पाणी त्या कोऱ्या करकरीत गाळ्यातून आरामात वाहत समुद्राकडे चाललं होतं. जुना मातीचा बांधही कुणी घातला नाही, कारण बंधारा होता ना. काकी एक दिवस मंडपात आली, जिथे आम्ही पुरुष बसलो होतो. तिच्या पदरात मिरचीची सुकलेली रोपं होती. ती तिने आमच्यापुढे टाकली आणि म्हणाली, "उदक गेलें व्हांवन, मान उरलो. आतां तोच शिंपात मिरसांगांक."

 मला लाज वाटली आणि रागही आला, आणि राग जास्त आला, कारण ती आमच्याच वाड्याची असून आमच्या बाजूने बोलत नव्हती.

मग मॅडम फोटो काढायला आल्या. पाण्याने भरलेला बंधारा त्यांना अहवालात हवा होता. कोरडा गाळा आणि काठावर पडलेल्या फळ्या पाहून त्यांना वाटलं, गावाला जड फळ्या उचलत नाहीत. त्यांनी डागडुजीला आलेल्या दोन मजुरांना हाक मारली, स्वतः फळीला हात लावला आणि आम्हाला काही कळायच्या आत फळी खाली.  दोन्ही वाड्यांच्या गांवकारांनी एकमेकांकडे पाहिलं. मॅडम ना वरच्या वाड्याच्या, ना खालच्या. त्यांना मान नव्हता, म्हणून कुणाचा गेलाही नव्हता. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. दोघांनी आपापल्या तीरावर घाईघाईत गाऱ्हाणं उरकलं, मॅडमना नारळ दिला, आणि बाकीच्या फळ्या आम्ही एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून घातल्या. काकीची त्या वर्षीची अर्धी मिरची गेली ती गेलीच. अहवालात मात्र, गावाने एकजुटीने मार्ग काढला असं आलं.

तेव्हापासून तीच प्रथा पडली. दरवर्षी पाऊस सरला की गाव एक भायला, म्हणजे बाहेरचा, माणूस शोधतो, त्याच्या हाताने पहिली फळी घालून घेतो आणि त्याला नारळ देतो. एकदा नारळ घेतला की तो माणूस मानकरी झाला, म्हणजे भायला राहिला नाही; पुढच्या वर्षी दुसरा. बार्देशातून सायकलवर पाव घेऊन येणारा पदेर झाला. सावंतवाडीकडचा खाणीवरचा एक ट्रक ड्रायव्हर झाला. वाळपईहून आलेला एक सरकारी बाबू झाला. त्याला वाटलं आपलं उद्घाटन आहे, त्याने भाषणही केलं. बंधारा नीट चालला. काकीची मिरची लाल होऊन अंगणात वाळू लागली. बाहेरचे लोक आमचा बंधारा बघायला येऊ लागले, आणि गाव त्यांच्याकडे पुढच्या वर्षीच्या नजरेने पाहू लागला.

मधल्या काळात माझी बदली झाली, मुलांच्या शाळा आल्या, आम्ही म्हापशाला राहायला गेलो. चतुर्थीला जायचो, जत्रेला जायचो. मग नुसतंच चतुर्थीला.

एका वर्षी पाऊस लवकरच सरला. ऊन असं पडलं की दिवाळीच्या आधीच व्हाळ खाली बसायला लागला. खाणी बंद पडल्यापासून ट्रकही येत नव्हते, नवा माणूस गावात फिरकत नव्हता. काकीचा फोन आला. "फाल्यां यो रे. फळी घालची आसा."

मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांनी वाद मिटला, आमच्या वाड्याचा मान कबूल झाला आणि तो घ्यायला मला बोलावलं, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी धोतर नेसून गेलो. बंधाऱ्यावर दोन्ही वाडे जमले होते. मला पाहून वरच्या वाड्याचे लोकही हसून बाजूला झाले. तेव्हा कुठे शंका आली. मी काकीला हळूच म्हटलं, "काकी, म्हाका कित्याक? आमी खालच्या वाड्यावयले मरे."

काकीने मान वर करून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर खोडसाळपणा नव्हता, तेच अवघड गेलं. "तुज्या खंयच्या शेताक ह्या व्हाळाचें उदक वता? सांग पळोवया," ती म्हणाली.

माझा कुणगा पडीक होता. त्याच्याकडे जाणारा पाट बुजून त्यावर झुडपं उगवली होती. उत्तर तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी फळीला हात लावला आणि थांबलो. वरच्या वाड्याच्या लोकांनी एवढं तरी म्हणावं की हा खालचा आहे, ह्याला कसा मान देता. ज्या वाड्यासाठी मी घसा फोडला होता, त्यातल्या एकाने तरी म्हणावं की हा आमचा आहे, भायला नव्हे. एका तरी माणसाने हरकत घ्यावी म्हणून मी थांबलो. कुणीही घेतली नाही. सगळे पाण्याकडे बघत होते.

"घाल मरे बेगीन," काकी म्हणाली, "मिरसांग सुकता."

मी फळी सोडली.