रेनातोकाकांचे पाय

रेनातोकाका गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला तेव्हा मी क्लिनिकला निघतच होते. "झोपेतच गेले, चेहरा हसरा होता," ती म्हणाली. ते हसू मी आठवडाभरापूर्वीच पाहिलं होतं.

अमेरिकेत शॉमबर्गमधले आमचे शेजारी. नव्वदी ओलांडलेला हा इटालियन म्हातारा तरुणपणी मायदेशी चालण्याच्या शर्यती गाजवायचा. त्या शर्यतीत एक पाय कायम जमिनीवर हवा. दोन्ही उचलले की बाद. मिलानमध्ये शेवटच्या फेरीत सगळ्यांच्या पुढे असताना पंचाने त्यांना बाद केलं. नंतर त्यांना कुणी शर्यतीत उभं केलं नाही. अमेरिकेत येऊन जन्मभर फरशा बसवल्या आणि त्या पंचाला शिव्याशाप दिले.

पहिल्या दिवाळीला मी चकल्या घेऊन गेले आणि सवयीने त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हातारा पांढराफटक. "तो पंच असाच वाकला होता," म्हणाले. "डॉक्टर, टेकलेत ना?" मी हसत म्हटलं, टेकलेत की. ते काही हसले नाहीत. "न बघता सांगू नकोस."

तेव्हापासून थंडीत मॉलमध्ये दुकानं उघडायच्या आधी ते चालायचे आणि मी मागून पाय बघायचे. लोक म्हणत असतील, बाईला काही कामधंदा नाही. मी हाडांची डॉक्टर; त्यांचे गुडघे मीच तपासलेले, दोन्ही पार कामातून गेलेले. काठी टेकत, बूट फरफटत चालायचे. मी "टेकलेत" म्हटलं की चिडायचे. "हे चालणं नव्हे. खरा चालेन तेव्हा बघ." मरायच्या आत कुणीतरी बघून निकाल द्यावा, एवढाच ध्यास. मला त्यांची फार माया वाटायची.

ते गेले त्याच्या आठवडाभर आधी एका सकाळी त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "आता बघ. आणि खोटं बोलायचं नाही." निघाले. कोपरं वर आली, कंबर झुलायला लागली... आणि बूट फरफटल्याचा आवाज थांबला. नुकत्याच पुसलेल्या फरशीत त्यांच्या बुटांचं प्रतिबिंब दिसत होतं. बूट आणि प्रतिबिंब यांच्यामध्ये फट होती. दोन्ही बुटांखाली. ते कारंज्याला वळसा घालून परत आले तरी ती फट मिटली नव्हती.

"टेकले होते?"

 म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला हो म्हणणं सोपं होतं, पण त्या नजरेपुढे जीभ वळेना. "नाही काका," मी म्हटलं. "उचलले होते."

 ते तोंडभर हसले. "म्हणजे तो खरं बोलत होता. बिचारा, उगाच शिव्या खाल्ल्या त्याने." काठी घेतली आणि बूट फरफटत पार्किंगकडे गेले.

तसे गुडघे असलेला माणूस उडी मारू शकत नाही, हे डॉक्टर म्हणून मी कुणालाही लिहून देईन. पण मी पाहिलं ते पाहिलं.

मी अजून सकाळी तिथे चालायला जाते. मागून पावलं वाजली की बरं वाटतं, असेल कुणीतरी शेजारीपाजारी. पण कधीकधी मागे कुणीतरी आहे हे कळतं आणि पावलं मात्र वाजत नाहीत. तेव्हा मी वळून बघत नाही. बघितलं, की मला पुन्हा खरं सांगावं लागेल.