पद्मनाभरावांचे सेहेचाळीस अंश

पद्मनाभरावांच्या गच्चीवर कुंभकोणममधल्या इतर कुठल्याही गच्चीपेक्षा आठ अंश जास्त उन्हाळा असे. अकरा वर्षं तो तसाच होता आणि त्याचा त्यांना थोडासा अभिमानही होता. आमच्या गल्लीत कुणाकडे चांगला आंबा असतो, कुणाकडे परदेशातला मुलगा असतो. पद्मनाभरावांकडे सेहेचाळीस अंश होते.

त्यांचं समयांचं दुकान आहे, मागे ओतकामाची भट्टी. पितळी कुत्तुविळक्कु, म्हणजे उभ्या समया. बोटाएवढीपासून माणसाच्या उंचीपर्यंत. घराणं आपलं मराठी. पूर्वज तंजावरच्या राजांच्या पदरी आले. सरदार म्हणून आले की आचारी म्हणून, हे कोणता नातेवाईक सांगतो आहे त्यावर ठरतं. पद्मनाभराव सरदारवाले. पण त्यांच्या पत्नी पंकजाबाईंच्या हातची आमटी एकदा चाखली की दुसरी शक्यता जास्त खरी वाटते.

या दुकानदारीतून पद्मनाभरावांचा एक सिद्धांत तयार झाला होता: जे मोलाचं आहे ते पितळेवर बसवावं. घरातला आरसा पितळेवर, घड्याळ पितळेवर, वडिलांचा फोटो पितळेवर. अकरा वर्षांपूर्वी ते चेन्नईहून प्रयोगशाळेत वापरतात तसला खरा तापमापक घेऊन आले, तेव्हा ती बिचारी काचेची नळी तशीच खिळ्याला टांगणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांनी कारागिराकडून हातभर लांबीची पितळी पाटी ओतवून घेतली. वर मोर, दोन बाजूंना शंख आणि चक्र, मध्ये तापमापक, पितळी तारेने घट्ट बांधलेला. ही पाटी त्यांनी गच्चीच्या कठड्याला लावली, तीही पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे दुपारचं ऊन थेट आकड्यांवर पडेल आणि चष्म्याशिवाय वाचता येईल. दर शुक्रवारी पंकजाबाई ती चिंचेने लखलखीत घासत. देवघरातल्या विठोबाच्या आधी तिचा नंबर लागे, असं त्या म्हणत. विठोबाने तक्रार केली नव्हती.

रोज दुपारी दोन वाजता पद्मनाभराव डोक्यावर ओला पंचा टाकून गच्चीवर जात, पाटीचा फोटो काढत आणि घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत. ग्रुपवर त्रेसष्ट माणसं, शेजारधर्मामुळे मीही त्यात. खाली मजकूर असे: "आज कुंभकोणम ४५. ईश्वरेच्छा." मग चेन्नईपासून न्यू जर्सीपर्यंतचे नातेवाईक हात जोडत. वर्तमानपत्रात त्याच दिवसाचा आकडा सदतीस आलेला असे. त्यावर पद्मनाभरावांचं उत्तर ठरलेलं होतं.

"पेपरवाले पंख्याखाली बसून लिहितात."

हे सगळं सुरळीत चाललं होतं आणि यंदाच्या एप्रिलपर्यंत या आकड्यांनी कुणाचंही वाकडं केलं नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी कीर्ति बंगळुरूला असते. तिला गेल्या सप्टेंबरात मुलगी झाली, तीही तिकडेच. पंकजाबाई बाळंतपणाला जाऊन आल्या. पद्मनाभरावांचा त्या काळात पाय मोडला होता (समई पडली, माणसाच्या उंचीची होती), त्यामुळे नातीला त्यांनी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. सात महिन्यांत तिचे दोन दात आले, तेही पडद्यावर. पद्मनाभरावांचा बेत ठरला होता: नातीचं उष्टावण इथे, कुंभकोणमला करायचं. तिरुनागेश्वरम् जवळच्या ओप्पिलियप्पन देवळात नैवेद्याला मीठ घालत नाहीत. बाळाच्या पहिल्या घासाला याहून योग्य अन्न कोणतं? अठ्ठावीस एप्रिलचा मुहूर्त काढला. वीतभर चांदीची वाटी आणली. त्या वाटीला पितळी बैठक करून घेतली, हे सांगायला नकोच.

आणि एकोणीस एप्रिलला दुपारी दोन वाजता त्यांनी नेहमीप्रमाणे फोटो टाकला. "आज कुंभकोणम ४६. बाराला सूर्य बरोबर डोक्यावर होता. ईश्वरेच्छा."

संध्याकाळी कीर्तिचा फोन आला. पंकजाबाईंनी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"अप्पा, अत्तेंनी तुमचा फोटो पाहिला."

अत्ते म्हणजे तिच्या सासूबाई, महालक्ष्मीबाई. बंगळुरूला चाळीस वर्षं राहिलेल्या. तिथे तेहेतीस अंश झाले तरी त्या पडदे ओढून झोपतात.

"पाहिला ना? छान आला होता. मोरही पूर्ण आला," पद्मनाभराव म्हणाले.

"अप्पा, त्या म्हणतात सेहेचाळीसमध्ये सात महिन्यांचं बाळ नेणार नाही. आणि मलाही त्यांचं चुकलंय असं वाटत नाही. डिसेंबरात येऊ."

"डिसेंबरात? तोपर्यंत ती चकल्या-मुरुक्कू खाईल. उष्टावण कसलं मग?"

"इथे करतो ना घरी. तुम्ही या दोघं."

"आणि ओप्पिलियप्पन?"

तिकडे बाळाचा आवाज आला, आणि त्यानंतर फोन ठेवला गेला. जावई अश्विनने तिकिटं रद्द करायला चार दिवस थांबतो असं कळवलं, एवढीच काय ती आशा.

पद्मनाभराव ओट्यावर जाऊन बसले. कॉफी दवऱ्यात, म्हणजे पेल्याखालच्या पसरट वाटीत, निवून गेली. शेवटी पंकजाबाई म्हणाल्या, "पेपरात अडतीस आलंय. तेच सांगा तिला."

"म्हणजे खोटं बोलू? अकरा वर्षांत एक अंश इकडचा तिकडे सांगितला नाही मी."

"तर मग बसा तुमचे सेहेचाळीस मांडीवर घेऊन. नातीऐवजी."

लग्नाला बेचाळीस वर्षं झालेल्या बाईला नेमकं कुठे बोलायचं ते ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सरकारलाच खोटं ठरवायची कल्पना सुचली. आता हे खोटं ठरल्याने नात कशी येणार होती, हा प्रश्न त्यांना मीही विचारला होता. ते म्हणाले, "आधी सत्य. मग बघू." आमच्या शेजारची रम्या आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्रात हवामानाच्या नोंदी ठेवायला मदत करते. पेपरातला अडतीस अशाच कुठल्यातरी केंद्रातून येत असणार, असं पद्मनाभरावांनी धरून चाललं. त्यांनी पाटी कठड्यावरून काढली, मोराला इजा नको म्हणून पंच्यात गुंडाळली, कापडी पिशवीत घातली आणि आडुतुरैच्या बसमध्ये बसले. पुरावा मांडीवर होता. शेजारच्या बाईने विचारलं, देव आहे का. ते म्हणाले, त्याहून खरं आहे.

रम्या त्यांना फाटकातच भेटली. "मामा, तुम्ही? एवढ्या उन्हात?"

"उन्हासाठीच आलो. तुमचा अडतीस कुठे आहे तो दाखव."

तिने त्यांना हिरवळीच्या तुकड्यावर नेलं. तिथे चार पायांवर, कमरेच्या वर येईल एवढ्या उंचीवर एक पांढरी लाकडी पेटी उभी होती. चारही बाजूंना झिलमिळीच्या फळ्या, म्हणजे वारा आत जाईल आणि ऊन जाणार नाही. पद्मनाभरावांनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"हे काय, कबुतरांचं?"

"तापमापकाचं घर, मामा."

"माणसांना असं घर बांधून देत नाही सरकार." त्यांनी पिशवीतून पाटी काढली. "हा बघ माझा. काय दाखवतोय?"

उन्हात दोन मिनिटं धरताच पारा चढत चढत सेहेचाळीसला गेला. रम्याने पेटीचं दार उघडलं. आतला तापमापक अडतीसवर होता.

"आता माझा आत ठेव," पद्मनाभराव म्हणाले. "दोघं एकत्र राहू देत. कोण लाजतो बघू."

पण पाटी पेटीत जाईना. मोर आड येत होता. वाकडी केली तर चक्र आड आलं. रम्याने दोनदा प्रयत्न केला, मग ती सावकाश म्हणाली, "मामा, नळी पाटीवरून सोडवावी लागेल."

आता ती तार पद्मनाभरावांनी स्वतः पिळली होती. अकरा वर्षांपूर्वी, चांगला दिवस बघून. ते हिरवळीवर मांडी घालून बसले आणि एकेक वेढा उलगडू लागले. तार उन्हाने इतकी तापली होती की मध्येच बोटं झटकावी लागत. पाटीचा चटका बसला तसे ते थांबले आणि पाटीकडे बघत राहिले. मग पुन्हा उलगडू लागले, पण आता हळू.

उघडी नळी पेटीत ठेवून रम्याने दार लावलं. दहा मिनिटांनी उघडलं. पद्मनाभरावांचा तापमापक सरकारी तापमापकाशेजारी मुकाट्याने उभा होता. अडतीस.

"बिघडला," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"नाही हो. तुमचा तापमापक उत्तम आहे. अकरा वर्षं खरंच बोलला. फक्त तो हवेचं नव्हे, पितळेचं सांगत होता." रम्याने पाटीला बोट लावून पटकन मागे घेतलं. "सूर्याचं ऊन हवेतून जाताना तिला फारसं तापवत नाही. ते येऊन आदळतं जमिनीवर, भिंतीवर, तुमच्या मोरावर. त्या वस्तू तापतात, आणि मग त्यांच्यामुळे त्यांच्या लगतची हवा तापते. आपल्याला मोजायची असते ती हवा. म्हणून सावली, वारा आणि पांढरा रंग. पांढरा रंग ऊन परत धाडतो."

पद्मनाभरावांनी मान हलवली. हे त्यांना नवीन नव्हतं, हेच तर दुखत होतं. ओतकामाच्या भट्टीजवळ आयुष्य गेलं होतं त्यांचं. भट्टी विझवल्यावरही साचा तासभर हात लावू देत नाही, आणि खोलीतली हवा भट्टीपेक्षा त्या साच्यानेच जास्त तापते, हे ते कुठल्याही कारागिराला सांगू शकत होते.

"म्हणून दुपारी बारापेक्षा अडीचला जास्त उकडतं," ते स्वतःशीच म्हणाले. "ऊन उतरायला लागलं तरी साचा तापतच असतो."

"अगदी. आणि म्हणून सूर्य डोक्यावर येतो एप्रिलात, पण अग्निनक्षत्राचा, वर्षातला सगळ्यात कडक, उकाडा मे महिन्यात. जमीन म्हणजे मोठी समई, मामा. तापायला वेळ, निवायलाही वेळ."

"मग सगळ्यात गार कधी?"

"सूर्य उगवतो तेव्हा. रात्रभर जमीन आपली उष्णता सोडत असते. सकाळी सातला इथे सत्तावीस असतं."

पद्मनाभराव उठून उभे राहिले. कपड्यांना गवत लागलं होतं. "सत्तावीस? म्हणजे सात महिन्यांच्या माणसाला चालेल?"

"सकाळी, सावलीत, सुती कपड्यात, चालेल की. दुपारी बाहेर नेऊ नका. अडतीस म्हणजेही काही थंडी नव्हे."

परतीच्या बसमध्ये तापमापक खिशात होता आणि पाटी पिशवीत. पद्मनाभराव मात्र घामाघूम झाले होते, आणि त्याचं कारण हवामान नव्हतं. त्रेसष्ट माणसं. अकरा वर्षं. चार हजार फोटो. हे सगळं मागे घ्यायचं होतं, आणि तेही कुणी विचारलेलं नसताना.

घरी येऊन त्यांनी पंकजाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पुढ्यात फोन ठेवला. "लिहा."

"उद्या लिहितो. तिकिटं रद्द व्हायला अजून तीन दिवस आहेत."

"आत्ता लिहा. उद्या तुम्हांस काहीतरी सुचेल."

चाळीस मिनिटं लागली. तो मजकूर माझ्या फोनमध्ये अजून आहे. "सर्वांस नमस्कार. माझा तापमापक उन्हात, पितळेवर होता. तो पितळेचं तापमान सांगे. कुंभकोणमची हवा आज ३८. मागील सर्व आकडे साधारण आठने कमी करून वाचावेत. डिसेंबरचेही. सकाळी सात वाजता २७. उष्टावणाचा मुहूर्त सकाळी साडेसातचा घेत आहे. चूक माझी, मोराची नाही. पद्मनाभ."

पद्मनाभरावांनी फोन उलटा ठेवला. पंकजाबाईंनी तो पुन्हा सुलटा केला. पहिला निरोप न्यू जर्सीच्या पांडुरंगरावांचा आला: "म्हणजे २०१९ साली मी तुमच्या फोटोला घाबरून कीर्तिच्या लग्नाला आलो नाही, ते?" त्यानंतर लगेच महालक्ष्मीबाईंचा निरोप दिसला. ती बाई ग्रुपवर एरवी फक्त देवांची चित्रं टाकते.

"साडेसात नको. सात वाजता ठेवा. तिकिटं ठेवली आहेत. चूक कबूल करणारे व्याही पहिल्यांदाच पाहिले, म्हणून येते आहे."

पद्मनाभरावांनी तो निरोप तीनदा वाचला. मग चष्मा काढून पंच्याने पुसला. बराच वेळ पुसला.

पुढचे आठ दिवस ते इतके हलके झाले होते की गिऱ्हाइकांना न मागता सवलत देत होते. सुताराकडून त्यांनी झिलमिळीची पेटी करून घेतली. पेटी पितळेची करावी का, असं त्यांनी रम्याला एकदा विचारून पाहिलं. तिने पांढऱ्या रंगाचा डबा पुढे केला. पेटी पांढरी झाली आणि अंगणात कडुनिंबाजवळ उभी राहिली. मोर दुकानात गेला, गल्ल्याच्या वर.

अठ्ठावीसला पहाटेच्या गाडीने सगळे आले. सातच्या मुहूर्तावर, अजून भिंती रात्रीच्या गार असताना, नात आजोबांच्या मांडीवर बसली. बिनमिठाच्या भाताचा पहिला घास तिने गिळला, दुसरा आजोबांच्या शर्टावर परत दिला आणि चांदीच्या वाटीची पितळी बैठक तोंडात घालून दोन दातांनी तपासून पाहिली. महालक्ष्मीबाई म्हणाल्या, "व्याही, हिचं घराणं कोणतं ते कळलं हो."

त्या दिवशी दुपारी दोन वाजून गेले, अडीच वाजले. नात मधल्या खोलीत, खिडकीवर ओली वाळ्याची तट्टी सोडलेल्या गारव्यात झोपली होती आणि आजोबांचं एक बोट तिच्या मुठीत अडकलं होतं. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "आजचा आकडा?"

मूठ सोडवणं शक्य नव्हतं. पद्मनाभरावांनी डाव्या हाताने, थोडा हललेला, एक फोटो काढून पाठवला. त्यात एक उघडं तोंड होतं आणि त्यात दोन दात. खाली लिहिलं होतं: "आज कुंभकोणम २."