पालखीचा लाल शेला

माझी धाकटी बहीण सकाळी उठली की ओकायची. आईनं पित्त समजून कोकमाचं सरबत पाजलं, आजीनं दृष्ट काढली. पुढे ती चालताना एका अंगाला झुकायला लागली, तेव्हा कुठे बाबा तिला पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीतून महाडला घेऊन गेले. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी बॅटरीनं तिचे डोळे तपासले आणि आवाज खाली आणून सांगितलं, डोक्यात गाठ असावी, आत पाणी साठतंय, उद्याच्या उद्या मुंबईला न्या.

नेमका शिमगा चालू होता. आमच्याकडे ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. घरधन्यानं बायकोला घेऊन उंबऱ्यात तिची पूजा करायची. दार बंद सापडलं तर देवी पाठ फिरवते म्हणतात. आमच्या वाडीची पाळी आठवड्यानं होती.

"पालखी होऊ दे, मग निघू," बाबा म्हणाले. "तीच पोरीला बरी करंल."

मी घसा फोडून भांडले. पण शाळेतल्या पोरीला विचारतंय कोण! देवाच्या कामात जीभ चालवू नको, म्हणून आजीनं मलाच झापलं. बरं, वाडीतलं कुणी दुष्ट नव्हतं हो. सगळ्यांना पोरीचं भलंच व्हायला हवं होतं, आणि मला अजून संताप येतो तो याचाच.

पालखी आली तेव्हा बाबांनी बहिणीला उचलून पालखीखालून नेलं. खालूबाजा वाजत होता, ती हसत होती. शेला किती लाल हाय, म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला ताटातली भाकरी दिसेना.

मुंबईत ऑपरेशन झालं, मग कितीतरी आठवडे लाईट दिली, म्हणजे रेडिएशन. केस गेले, उंची खुंटली, तोंडपाठ पाढे विसरली. पण जगली. शेजारच्या खाटेवरची पोर गेली, म्हणून सगळे आम्हाला नशीबवान म्हणायचे. नजर मात्र परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाण्याच्या दाबानं डोळ्यांच्या नसा सुकल्या होत्या. थोडं आधी आणलं असतंत तर, एवढं बोलून ते थांबले.

बाबांना मी माफ केलेलं नाही. आणि तिला त्यांच्याइतका जीव दुसऱ्या कुणी लावला नाही, हेही तितकंच खरं.

आता ती मोठी झाली आहे. पालखी आली की बाबा तिचा हात धरून उंबऱ्यात उभे राहतात. वाडीतल्या मुंबईकरांनी देवीला हिरवा जरीचा शेला आणला, त्यालाही बरीच वर्षं झाली. तिला ते कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या शिमग्यालाही तिनं विचारलंच, "बाबा, शेला लालच हाय ना?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या हिरव्या शेल्याकडे.

"व्हय गो," ते म्हणाले. "तू बघितलास तसाच हाय."