खात्रीमावशीचा रिकामा डबा

१६ जून. काम : भाजीबाजारातल्या ओट्यांच्या सोडतीची यादी नवी करणे आणि तिच्यातून एक नाव काढणे. नाव खात्रीमावशीचं.

खात्रीमावशी रिकामा डबासुद्धा रिकामा मानत नसे. तो उलटा करून जमिनीवर दोनदा ठोकायची, आतून बोट फिरवायची आणि मगच म्हणायची, "हां, आता रिकामा." टपरीवरचा कप असो की तराजूचं पारडं, तिच्या हातात आलं की ते आधी उलटं व्हायचं. पालमच्या बाजारात ती मेथी-शेपू विकायची. तिचं खरं नाव फक्त यादीपुरतं उरलं होतं.

पत्र्याच्या शेडमध्ये ओटे अकरा आणि बायका एकोणीस. ज्यांना ओटा मिळत नाही त्यांची भाजी उन्हात दुपारपर्यंत मान टाकते. म्हणून दर वर्षी सोडत. पूर्वी चिठ्ठ्या काढत, पण कोणाच्या चिठ्ठीची घडी जाड यावरून भांडणं होत. शेवटी बायकांनी ते काम माझ्यावर टाकलं, कारण बसस्टँडसमोर माझा कॉम्प्युटर क्लास आहे. मी दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला : यादीतून कोणतंही एक नाव उचल, ओट्याला लाव, पुढचं उचल.

पहिल्याच सोडतीत चौथा ओटा संगीताला लागला. नववाही संगीतालाच. संगीता माझी सख्खी जाऊ.

"मशीनला नातेवाईक नसतात," मी ठणकावलं.

"मशीनला न्हाईत. लिवणारीला हायेत की," मावशी म्हणाली.

बायका हसल्या. हिला कोणीतरी शिकवून पाठवलंय, असं मी धरून चालले. सोडत तिथेच मोडली.

दुसऱ्या दिवशी मी क्लासचं शटर उघडलं तर पायरीवर मावशी. मांडीवर स्टीलचा डबा, आत एकोणीस चिठ्ठ्या. "मास्तरीनबाई, तुमची मशीन कशी करती तसं करून दावा."

मी एक चिठ्ठी काढली, नाव वाचलं.

"आता ही कुठं जाती?"

माझ्या प्रोग्राममध्ये ती परत डब्यातच जात होती. दर वेळी डबा एकोणीस चिठ्ठ्यांचा. उचललेलं नाव बाजूला ठेवायला मी सांगितलंच नव्हतं.

"चूक झाली, मावशी."

"झाली का केली?"

"झाली."

"बगू." मग तिने डबा खळखळ हलवला. "समदी नावं एकदाच ढवळा. मंग वरून एकेक घ्या. घेतलेलं परत टाकू नका. यात काय अवघड हाय?"

काहीच नव्हतं. अर्ध्या तासात मी तसंच लिहिलं. त्याच दुपारी बाजारात पुन्हा सोडत ठेवली, मावशीच्या अटींवर. उरलेली नावं पडद्यावर दिसत राहिली पाहिजेत. कळ ती दाबणार. मी हात मागे बांधून उभं राहायचं.

"चोरासारखं?"

"चोर न्हाई हे दिसाया पायजे म्हणून."

तिने अकरा वेळा कळ दाबली. दर वेळी पडद्यावरून एक नाव कमी झालं. संगीताला ओटा लागला नाही. मावशीलाही नाही. आता आरडाओरडा होणार म्हणून मी तयारीत होते. तिने उरलेल्या आठ नावांतल्या आपल्या नावावर बोट ठेवलं.

"शेवटपर्यंत डब्यात होतं ना?"

"होतं."

"मंग झालं." छत्री घेऊन ती तिच्या उन्हातल्या जागेवर गेली.

याचा अर्थ तिचा माझ्यावर विश्वास बसला असा नाही. पुढच्या दोन्ही वर्षी तिने सोडतीआधी माझा कीबोर्ड उलटा करून दोनदा ठोकला. एकदा बिस्किटाचा चुरा पडला, तोही तिने निरखून पाहिला. ओटा तिला कधीच लागला नाही. या उन्हाळ्यात तापाने ती गेली.

नाव काढायला एक क्षण लागला. नंतर मी यादी तीनदा मोजली. अठरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात सोडतीच्या वेळी संगीता म्हणाली, "दाबा की जाऊबाई कळ, उगं उशीर करायलात." मी कीबोर्ड उलटा करून दोनदा ठोकला. बाजारात माझ्याबद्दल सगळ्यात वाईट बोलणारी बाई हुडकून कीबोर्डपुढे बसवली आणि हात मागे बांधून उभी राहिले.