पदरभर रेती

उस्तादांनी रेती मागितली आणि मी पदर भरून वाळू आणली. नातवंडांना हे सांगते तेव्हा ती लोळून हसतात. मी त्यांना अर्धंच सांगते. उरलेलं अर्धं इथे.

हैदराबाद राज्याचे तुकडे पाडायचं चाललं होतं ती वर्षं. मराठवाडा मुंबईकडे, हैदराबाद शहर तेलुगूंकडे. वडील सरकारी कचेरीत; त्यांना कुठे धाडतील कोण जाणे, म्हणून आई मलकपेठच्या घरात निम्मी भांडी बांधून बसलेली. आणि तिकडे तारनाक्याला विद्यापीठात आमच्या एका प्रोफेसरांनी भलतंच खूळ काढलेलं. शनिवारी दुपारी वर्कशॉप सगळ्यांना खुलं. इतिहासवाले या, फारसीवाले या, मुलींनो, तुम्हीही या; वसतिगृहाच्या खिडक्यांच्या कड्या आपल्या हातांनी करा.

मुली आलो दोघी. मी, आणि एक तेलुगू मुलगी. तिचे वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर. दोघींत लोखंड आवळून धरायचा शिकंजा एकच. वर्कशॉपात शिकवणारे उस्ताद म्हणाले, जिची कडी आधी खिडकीत बसेल, वर्षभर शिकंजा तिचा.

मला तो हवाच होता. शहर तिचं होणार, राज्य तिच्या भाषेचं होणार. निदान एवढं लोखंड तरी माझं असावं! मला बाईसाहेबांना साधा खिळा ठोकता येत नव्हता, पण तोरा बघा. तिचं सगळंच मला खुपायचं. तिची नखंसुद्धा. लोखंडाच्या किसाने काळी झालेली ती नखं बसमध्येही ती लपवायची नाही. मग मीही घरून निघताना नखांत काजळ भरायला लागले.

त्या शनिवारी उस्तादांनी हाक दिली, "बेटी, रेती लाव जरा!"

ती उठायच्या आत मी धावले. बाहेर नव्या इमारतीसाठी वाळूचा ढीग होता. पदर भरला, आणून बाकावर ओतला. सगळे छप्पर उडेल असे हसले.

"अगे अम्मा, ये नइ, वो!" उस्तादांनी भिंतीवर टांगलेली, लोखंड घासायची कानस दाखवली. कानशीला हे लोक रेती म्हणतात, हे मला कोण सांगणार?

ती मात्र हसली नाही. उठून कानस आणायला गेली. तिची कडी शिकंज्यात होती, फक्त घासायची राहिलेली. माझ्या पदरात मूठभर वाळू उरली होती. तिची पाठ वळलेली, निदान मला तसं वाटलं. ती मूठ मी शिकंज्याच्या तेलकट आट्यांत सोडली. ही चूक नव्हती.

तिने दांडा फिरवला. करकर झाली, शिकंजा अडकला. उस्तादांना वाटलं, मघाचीच वाळू. "दोनों मिलके साफ करो," म्हणून ते निघून गेले.

रॉकेलमध्ये चिंध्या बुडवून आम्ही एकेक आटा पुसत बसलो. शिकंजा सुटला तेव्हा हात पुसले आणि पाहिलं: तिची नखं होती तशीच काळी, माझी गुलाबी. रॉकेलने काजळ साफ धुऊन नेलं होतं.

तिने माझा हात उलटा करून बघितला, त्यात कानस ठेवली आणि म्हणाली, "काजल तो पहले दिन से मालूम मेरेकू. वो मुठ्ठी बी देखी मैं. शहर छोड के जाना है तो जा, मगर एक बार नाखून सच्ची के काले करके जा."