लंडनच्या बाई

गिरण्यांच्या संपाला आठ महिने झाले होते तेव्हा मी नायजेरियाला गेले. नवरा एका गिरणीत टाइमकीपर होता. संप त्याने केला नव्हता, पण गिरणीच बंद म्हटल्यावर कुणाच्या वेळा नोंदवणार? तो सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायचा. मी मुलुंडलाच एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवत होते. नायजेरियाच्या सरकारची माणसं मुंबईत शिक्षकांच्या मुलाखती घ्यायला आली आहेत असं शाळेतल्या एका मल्याळी बाईंनी सांगितलं. त्या अर्ज करणार होत्या, म्हणून मीही केला. त्यांची निवड झाली नाही, माझी झाली.

नवरा म्हणाला, "जा. दोघांनी इथे बसून भिंती बघण्यापेक्षा बरं."

सासूबाई मालवणकडच्या. मी बॅग भरत होते तेव्हा शेजारी येऊन बसल्या. "काय गो, थंय सगळे काळेच ना?"

"हो."

"मगे कोणाक सांगा नको हां."

मी हसले. तेव्हा हसू आलं खरं.

मुलगी नऊ वर्षांची होती. विमानतळावर ती रडली नाही, फक्त माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी आत गेले तेव्हा ते टोक चुरगळलेलं होतं.

मला मिळालेलं गाव नायजेरियाच्या उत्तर भागात होतं. लाल माती, पत्र्याची छपरं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चक्क कडुनिंब. हिवाळ्यात वाळवंटाकडून कोरडं वारं यायचं आणि महिनाभर सूर्य पिठात बुडवल्यासारखा दिसायचा. फळा पुसला तरी त्यावर धूळ, वही उघडली की पानापानात धूळ. शाळा मुलींची होती. माझ्या वर्गात बावन्न मुली. पहिल्या दिवशी त्या सगळ्या गुडघ्यात वाकून "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणाल्या आणि मला इतका संकोच झाला की मीही थोडी वाकले. त्यावर सगळा वर्ग खिदळला. इथे मुंबईत पंधरा वर्षं शिकवलं, पण एखादा शब्द आवडला म्हणून तो जिभेवर घोळवणारी मुलं मला तिथेच भेटली.

त्यांतली एक मुलगी दोन कोस चालत यायची. चपला हातात धरून यायची आणि फाटकाशी पाय झटकून पायात घालायची. चौदाची असेल. निबंधात तिने एकदा लिहिलं होतं, 'आमच्या बाई दूरच्या देशातून आल्या आहेत आणि त्यांना आमच्यासारखंच घर आठवतं.' घराबद्दल मी वर्गात कधी एक शब्द बोलले नव्हते.

दुसऱ्या वर्षी ती दोन आठवडे आली नाही. चौकशी केली तर कळलं, लग्न ठरतंय. मी शाळेच्या ड्रायव्हरला घेऊन तिच्या गावी गेले. बाप झाडाखाली चटईवर बसला होता. त्याने मलाही चटई दिली, पाणी दिलं. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला येत नव्हती. मध्ये ड्रायव्हर. मी म्हटलं, "मला एक मुलगी आहे. तिला सोडून मी तुमच्या मुलीला शिकवायला आले आहे. तिला आणखी दोन वर्षं द्या."

मग त्याने विचारलं, "तुमच्या मुलीला मग कोण शिकवतं?"

"तिचे वडील," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. पुढच्या सोमवारी मुलगी वर्गात होती. मी आयुष्यात केलेलं एक चांगलं काम सांग म्हटलं तर मी हेच सांगेन. म्हणून पुढचं सांगायला जड जातं.

तीन वर्षं झाली तेव्हा करार संपला आणि मी परत आले. टॅक्सीतून बॅगा उतरवत होते, तर तळमजल्यावरच्या वहिनी धावत आल्या. "अय्या, आलात! लंडनला एवढं ऊन असतं का हो? रंग किती उतरलाय तुमचा!"

मला वाटलं, त्यांचा काहीतरी गोंधळ होतोय. मी काही बोलणार तेवढ्यात नवऱ्याने माझ्या हातातली बॅग घेतली. "चल वर, दमली असशील."

वर जाऊन मी विचारलं, "अहो, हे लंडन काय?"

"सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकाने विचारलं, मिसेस कुठे असतात. तोंडातून गेलं."

"आणि तीन वर्षांत परत घेता नाही आलं?"

तो चिडला. "मी घरी बसून होतो. बायको बाहेर कमावते म्हणून सगळा मुलुंड हसत होता. लंडन म्हटल्यावर हसायचे थांबले. आफ्रिका म्हटलं असतं तर आणखी हसले असते. तुला काय कळणार? तू नव्हतीस इथे."

मी नव्हते, हे खरंच होतं. पुढे आमच्या प्रत्येक भांडणात हे वाक्य आलं आणि भांडण तिथेच संपलं.

वर्गाचा एक मोठा फोटो मी तिथूनच फ्रेम करून आणला होता. बावन्न मुली आणि मधे निळ्या साडीत मी. नवरा म्हणाला, "कपाटात ठेव. घरात माणसं येतात-जातात." सासूबाईंनी तो जुन्या परकरात गुंडाळून लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवला. मी ठेवू दिला.

मुलगी आता बारा वर्षांची झाली होती. माझी पत्रं पोस्टमन वर आणायचा तेव्हा ती पहिली धावायची आणि पाकिटावरची नायजेरियाची तिकिटं फाडून टाकायची, हे तिनेच मला सांगितलं, घरातलं एखादं काम केल्यासारखं. डिसेंबरात तिच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मुख्याध्यापकांनी तिच्या हाती निरोप पाठवला: लंडनमध्ये अध्यापन करून आलेल्या आपल्या पालक-भगिनींनी मुलांना दोन शब्द सांगावेत.

"मी जाऊन खरं सांगते," मी म्हटलं.

दुपारची वेळ होती, ती जेवत होती. तिचा घास हातातच राहिला. "आई, प्लीज. सगळ्यांना मी सांगितलंय. तू खरं बोललीस ना, तर माझी वाट लागेल. मला चिडवून मारतील गं." मग हळूच म्हणाली, "मी तीन वर्षं तुझ्याकडे काही मागितलं का?"

नव्हतं मागितलं. मी गेले.

मांडवात चारेकशे मुलं होती. मुख्याध्यापकांनी मला श्रीफळ दिलं, साहेबाच्या देशात जाऊन साहेबाच्या पोरांना इंग्रजी शिकवणारी मराठी स्त्री वगैरे बोलले. टाळ्या पडल्या. मला वाटलं होतं, शिक्षणाचं महत्त्व सांगू, पाच मिनिटांत खाली बसू. पण पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीने हात वर केला. "बाई, तुम्ही राणीला पाहिलंत?"

सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. माझी मुलगी तिसऱ्या रांगेत, ओठ घट्ट मिटून.

"हो," मी म्हटलं. "लांबून."

मांडवात केवढा 'आ-हा' उमटला! एकदा ते बोलल्यावर पुढचं सोपं होतं. खोटं बोलणं एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. मी पाठ्यपुस्तकातलं धुकं सांगितलं, लाल बस सांगितली. आणि मुलं अजून मागताहेत म्हटल्यावर मी त्या मुलीची गोष्ट सांगितली. दोन कोस चालत येणारी माझी विद्यार्थिनी. फक्त धुळीचा बर्फ केला. हातातल्या चपलांचे बूट केले. बापाला कोळशाच्या वखारीत बसवलं. आणि ती दिसायला कशी होती असं कुणीतरी विचारलं तेव्हा म्हटलं, "सोनेरी केसांची. निळ्या डोळ्यांची."

मुलं खूश झाली. मुलगी घरी येताना माझा हात धरून चालली, परत आल्यापासून पहिल्यांदाच. मला तिचा हात सोडवत नव्हता आणि धरवतही नव्हता.

त्या दिवसापासून मी मुलुंडभर लंडनच्या बाई झाले. बाजारात भाजीवालीसुद्धा तसंच म्हणायची. मी माझ्या जुन्या शाळेत परत शिकवू लागले होते, तिथे पालक मुद्दाम माझ्या तुकडीसाठी अर्ज करू लागले. नवऱ्याला एका औषध कंपनीत नोकरी लागली आणि तिथेही त्याने तेच सांगितलं. कुणी नवा पाहुणा आला की तो मला हाक मारायचा, "अगं, यांना जरा लंडनचं सांग." मी चहा ठेवायला आत जायचे.

दीड-दोन वर्षांनी दोन कोस चालत येणाऱ्या त्या मुलीचं पत्र आलं. माझ्या शाळेच्या पत्त्यावर आलं होतं, म्हणून माझ्या हाती पडलं. ती परीक्षा पास झाली होती आणि आता तिच्याच गावात लहान मुलांना इंग्रजी शिकवत होती. तिने लिहिलं होतं, वडील रोज विचारतात, बाईंची मुलगी किती मोठी झाली. तुमच्या दोघींचा एक फोटो पाठवा, मी वर्गात लावीन.

मी तीनदा उत्तर लिहायला बसले. 'माय डिअर' एवढं लिहून व्हायचं आणि तिचा चेहरा आठवायला गेलं की आधी ते सोनेरी केस यायचे, मीच चिकटवलेले. पत्र मी कपाटात ठेवून दिलं.

माझी मुलगी दहावीला होती तेव्हा तिला जन्माचा दाखला शोधताना ते पत्र सापडलं. वाचून ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"उत्तर दिलंस?"

"नाही."

"त्या सोनेरी केसांच्या मुलीची गोष्ट सांगितली होतीस. तीच ही?"

मी पोळी उलटली. "तूच म्हणाली होतीस ना, खरं बोलू नको म्हणून."

"मी बारा वर्षांची होते, आई," ती म्हणाली. "तू तर शिक्षिका होतीस."

त्याच आठवड्यात मी उत्तर लिहिलं. सगळं नाही लिहिलं, उशिराबद्दल माफी मागितली आणि मुलीची तब्येत, अभ्यास असलं काहीबाही लिहिलं. आम्हा दोघींचा फोटो घातला. तो काढताना मुलगी माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली होती, फोटोतही ते दिसतं. जवळजवळ वर्षाने माझं पाकीट न पोचताच परत आलं. त्यावर दोन शिक्के होते आणि पत्त्यावर तिरकी रेघ मारलेली होती. मी ते उघडलं नाही. मुलीनेही त्याबद्दल मला काही विचारलं नाही.