पॉइंट झिरो थ्री

दुसऱ्याचा मायक्रोमीटर हातात आला की तात्या आधी आपल्या पेटीतली पोलादी दांडी काढायचे. दांडीचं माप पक्कं ठाऊक. केसाची जाडी मोजणारं ते हत्यार तेवढंच दाखवतं का, ते बघायचं. नाही दाखवलं तर हत्याराबरोबर मालकाचीही अब्रू काढायचे. नगरच्या एका कारखान्यात मापं तपासण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त होऊन पाथर्डीला आमच्या शेजारी आले, तेव्हा तपासायला माणसंच उरली होती. एक जण घरी इंजिन बांधायला घेतलेली वर्नियर, म्हणजे मायक्रोमीटरपेक्षा ढोबळ मोजपट्टी, दाखवायला आला, तर त्याला म्हणाले, "ह्यानं भाकरी मोज बाबा. इंजिन ह्याचं काम न्हाई." आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो.

माझी जीप होती. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या पंधरा दिवसांच्या फेऱ्यांवर आमचं वर्ष निघायचं. त्या वर्षी ऐन तोंडावर इंजिन गेलं. गॅरेजला नंबर लागेना, म्हणून मी ते घरीच खोललं आणि जुन्या बाजारातून मायक्रोमीटर आणला. पेटीला आतून मखमल, वर चकाकी. दांडीची जागा मात्र रिकामी. तात्यांनी आपली दांडी लावून पाहिली, पेटी मिटली आणि म्हणाले, "झकास हाय. बांध." त्यांच्या तोंडून झकास ऐकून मी दोन दिवस हवेत होतो.

घासून आणलेला क्रँक माझ्या मायक्रोमीटरनं अगदी बरोबर भरला. तिसऱ्या फेरीला करंजी घाटात, आत बायापोरं दाटून बसलेली असताना, इंजिन जाम झालं. हंगाम गेला.

"पॉइंट झिरो थ्री कमी दावत हुता तुझा," तात्या खोललेल्या इंजिनाजवळ येऊन म्हणाले. केसाच्या निम्म्याएवढं अंतर. "तेवढा क्रँक जाड ऱ्हायला."

"तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर शिकला असतास का?"

मी शिकलो. त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटायचं, तरी सहा वर्षं त्यांच्याच ओट्यावर बसून शिकलो, कारण तसं शिकवणारं पंचक्रोशीत दुसरं कोणी नव्हतं.

मग काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली. ती पुरती जायच्या आत त्यांना आपली जुनी मोटरसायकल स्वतः बांधायची होती. दुसरं काहीच मागणं नव्हतं. "आकडे तेवढे तू वाच," ते म्हणाले, "बाकीचं हात करत्यात." माझ्यापुढं आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हात पसरला होता. पिस्टनचं माप मी मोठ्यानं वाचलं. तीन शतांश कमी वाचलं, म्हणजे पिस्टन तेवढा जाड राहून सिलिंडरात घट्ट बसणार होता. चुकून नाही, घरून निघतानाच ठरवलं होतं.

गाडी पहिल्या किकला सुरू झाली. तात्या मान कलती करून ऐकत उभे राहिले. दहाएक मिनिटांनी आवाज जड झाला आणि इंजिन जागीच आवळलं. त्यांनी तापल्या सिलिंडरवर हात ठेवला, भाजला तरी काढला नाही.

"किती कमी वाचलंस?"

"पॉइंट झिरो थ्री."

"पिस्टन सरकवतानाच हाताला कळलं हुतं."

"मग थांबला का न्हाई?"

"तू थांबवतोस का, ते बघत हुतो."

फाल्गुनात तात्या गेले. इंजिन चालू होतं ती दहा मिनिटं मी गाडीला खेटून उभा होतो. चावी माझ्या हाताशीच होती.